घरगुती मिलिंग यंत्रातील विद्युत दोषनिदान

घरगुती मिलिंग यंत्रातील विद्युत दोषनिदान म्हणजे घरातील अथवा छोट्या खासगी कार्यशाळेतील मिलिंग यंत्र सुरू न होणे, मध्येच बंद पडणे, वेग न बदलणे, मोटर तापणे किंवा यंत्राच्या सांगाड्याला वीज लागणे अशा तक्रारींमागील विद्युत कारण क्रमवार मोजमापाने शोधून काढण्याची प्रक्रिया होय. मोठ्या कारखान्यात या कामासाठी स्वतंत्र देखभाल विभाग असतो. घरगुती कार्यशाळेत यंत्र चालवणारी व्यक्तीच बहुधा दुरुस्तीही करते. त्यामुळे दोष शोधण्याच्या पद्धतीइतकेच सुरक्षिततेच्या नियमांनाही येथे महत्त्व आहे.

मोटर जळाली असे वाटणाऱ्या अनेक प्रसंगी मूळ दोष मोटरीत नसून स्विच, सैल जोडणी, कंडेन्सर, कार्बन ब्रश अथवा सुरक्षा कुलूपाचा संपर्क अशा स्वस्त भागांत असतो. म्हणून अंदाजाने सुटे भाग बदलण्याऐवजी वीजपुरवठ्यापासून मोटरीपर्यंतच्या साखळीतील प्रत्येक कडी तपासणे हा दोषनिदानाचा मूलभूत नियम मानला जातो.

## यंत्रांचे प्रकार व विद्युत रचना

घरगुती कार्यशाळांत आढळणारी मिलिंग यंत्रे विद्युत रचनेच्या दृष्टीने मुख्यतः तीन गटांत मोडतात.

* एकदिश मोटरीची टेबलावरील छोटी यंत्रे: यांत कार्बन ब्रश असलेली स्थायी चुंबकाची एकदिश मोटर असते. घरातील प्रत्यावर्ती वीज इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पट्टिकेवर एकदिश करून मोटरीला दिली जाते आणि फिरत्या बटणाने वेग कमीजास्त करता येतो. काही नव्या यंत्रांत ब्रशविरहित मोटर वापरतात.
* एकफेजी प्रवर्तन मोटरीची मध्यम यंत्रे: यांत वेग पट्टा व पुली किंवा दंतचक्रे बदलून ठरवला जातो. मोटर सुरू होण्यासाठी कंडेन्सर आणि बहुधा केंद्रोत्सारी स्विच लागतो.
* त्रिफेजी मोटरीची औद्योगिक यंत्रे: कारखान्यांतून जुनी म्हणून विकत घेतलेली यंत्रे या गटात येतात. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे १९३८ साली बाजारात आलेले उभे मिलिंग यंत्र व त्याच्या धर्तीवर बनलेली यंत्रे ही याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. घरात त्रिफेजी जोडणी नसल्यास ही यंत्रे वारंवारता बदलणाऱ्या ड्राइव्हवर, म्हणजे व्हीएफडीवर, चालवली जातात.

तिन्ही गटांत विजेचा मार्ग साधारण सारखाच असतो. भिंतीवरील सॉकेट, प्लग, केबल, फ्यूज, मुख्य स्विच, आपत्कालीन थांबा बटण, संरक्षक झाकणाचा सूक्ष्म स्विच, नियंत्रण पट्टिका किंवा काँटॅक्टर आणि शेवटी मोटर असा हा क्रम असतो. एकाच कारखान्यात बनलेली यंत्रे निरनिराळ्या नावांनी विकली जातात व त्यांतील नियंत्रण पट्टिका वेळोवेळी बदलतात. त्यामुळे पुस्तिकेतील आकृती प्रत्यक्ष जोडणीशी जुळतेच असे नाही. काम सुरू करण्यापूर्वी जोडण्यांची छायाचित्रे घेणे आणि प्रत्येक वायरीला खुणेची चिठ्ठी लावणे उपयुक्त ठरते.

## सुरक्षितता

### वीजविच्छेद व साठलेला भार

झाकण उघडण्यापूर्वी केवळ स्विच बंद करणे पुरेसे नसते. स्विच चुकून न्यूट्रल वायरीत जोडलेला असल्यास तो बंद असतानाही आतील भागांत वीज राहते. म्हणून प्लग काढून तो काम करणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवला जातो. कायम जोडणीच्या यंत्रात मुख्य विलगक स्विच बंद करून त्याला कुलूप लावले जाते. त्यानंतर मापक प्रथम चालू असलेल्या सॉकेटवर तपासणे, मग यंत्रात वीज नाही याची खात्री करणे आणि शेवटी मापक पुन्हा चालू सॉकेटवर तपासणे असा क्रम पाळतात. मापकच बिघडला असल्यास मिळणारी खोटी खात्री यामुळे टळते.

प्लग काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये भार साठून राहतो. भारतातील २३० व्होल्ट या परिणामी मूल्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि ती वीज एकदिश केल्यावर कंडेन्सर जवळजवळ तेवढ्या दाबापर्यंत भरतो. ४१५ व्होल्टच्या त्रिफेजी ड्राइव्हमध्ये हा आकडा सुमारे ५८७ व्होल्ट होतो. ड्राइव्हवर निर्मात्याने छापलेला प्रतीक्षाकाळ पूर्ण झाल्यावरही दाब मोजूनच हात लावला जातो. मोटरीचा कंडेन्सर रिकामा करण्यासाठी सुमारे २० किलोओहम व ५ वॉटचा रोधक विसंवाहक पकडीने काही सेकंद दोन्ही टोकांना लावतात. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्याद्वारे साधारण १० सेकंदांत रिकामा होतो. स्क्रू ड्रायव्हरने टोके जोडण्याची प्रचलित सवय घातक आहे. तिच्यामुळे ठिणगी उडते, धातूचे कण डोळ्यांत जाऊ शकतात आणि कंडेन्सरही खराब होतो.

### अर्थिंग

मिलिंग यंत्राचा सांगाडा धातूचा असतो, कामात शीतक द्रव वापरला जातो आणि चालकाचे हात सतत यंत्राला लागलेले असतात. म्हणून यंत्राचा सांगाडा अर्थला जोडलेला असणे अनिवार्य आहे. प्लगची अर्थ पिन आणि सांगाड्यावरील रंग नसलेला धातूचा भाग यांमधील रोध ओहमच्या अंशातच असावा. त्यासोबत सॉकेटपर्यंत अर्थ प्रत्यक्षात पोहोचला आहे की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. जुन्या घरांत तीन छिद्रांच्या सॉकेटमागे अर्थची वायर जोडलेलीच नसते असे आढळते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे अतिरिक्त संरक्षण आहे, तो अर्थिंगला पर्याय नाही.

### वायरींचे रंग

वायरीच्या रंगावरून फेज ओळखणे धोक्याचे असते. भारतातील जुन्या जोडणीत काळी वायर न्यूट्रल असते, तर अमेरिकेतील जोडणीत काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल असते. युरोपीय पद्धतीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते, परंतु भारतातील त्रिफेजी जोडणीत लाल, पिवळा व निळा हे तीन फेजचे रंग आहेत. आयात केलेल्या किंवा अनेकदा दुरुस्त झालेल्या यंत्रात या सर्वांची सरमिसळ होऊ शकते.

## उपकरणे

घरगुती दोषनिदानासाठी मोजकी उपकरणे पुरतात.

* डिजिटल मल्टिमीटर: विद्युतदाब, रोध, सलगता आणि शक्यतो धारिता मोजणारा, मुख्य वीजपुरवठ्यासाठी योग्य सुरक्षा श्रेणीचा.
* क्लॅम्प मीटर: वायर न तोडता मोटरीचा प्रवाह मोजण्यासाठी.
* सिरीज दिवा: परिपथात एकसरीत जोडलेला १०० वॉटचा तंतूचा दिवा. दुरुस्त केलेली पट्टिका प्रथमच चालू करताना तो लावल्यास प्रवाह सुमारे ०.४३ अँपिअरच्या वर जात नाही. आत शॉर्ट शिल्लक असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि पट्टिका वाचते.
* मेगर: ५०० व्होल्टवर विसंवाहन रोध मोजण्यासाठी.

निऑन दिव्याचा टेस्टर सर्वत्र वापरला जात असला तरी निदानासाठी तो अपुरा आहे. तो फेजची उपस्थिती दाखवतो, परंतु न्यूट्रल तुटल्याचे किंवा अर्थ नसल्याचे त्यातून स्पष्ट होत नाही. याउलट डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध फार मोठा असल्यामुळे शेजारच्या वायरीतून प्रेरित झालेला आभासी दाबही त्यावर दिसतो. शंका आल्यास दिव्याचा भार जोडून मोजमाप पुन्हा घेतले जाते. खरा पुरवठा दिवा पेटवतो, आभासी दाब लगेच नाहीसा होतो.

## निदानाची पद्धत

### निरीक्षण

पहिली पायरी लक्षण नेमके नोंदवण्याची असते. यंत्र मुळीच प्रतिसाद देत नाही, गुणगुणते पण फिरत नाही, थंड असताना चालते व तापल्यावर थांबते, की फक्त भार आल्यावर बंद पडते, यावरून शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते. बिघाडापूर्वी काय घडले, म्हणजे यंत्र हलवले, शीतक सांडला, कटर अडकला की वीज जाऊन आली, हीसुद्धा महत्त्वाची माहिती असते. त्यानंतर वीज तोडून जळका वास, काळवंडलेल्या जोडण्या, फुगलेले कंडेन्सर आणि साचलेला धातूचा कीस यांची पाहणी केली जाते.

### यांत्रिक कारण वेगळे काढणे

प्लग काढून स्पिंडल हाताने फिरवून पाहिला जातो. तो जड फिरत असल्यास बेअरिंग, अति ताणलेला पट्टा किंवा अर्धवट गुंतलेली दंतचक्रे ही कारणे असू शकतात. पट्टा उतरवून किंवा दंतचक्रे मोकळी करून मोटर एकटी चालवल्यास दोष विद्युत आहे की यांत्रिक, याचा बराचसा उलगडा होतो. पट्टा नसताना मोटर सुरळीत चालत असेल आणि पट्टा लावताच संरक्षण तुटत असेल, तर प्रथम यांत्रिक भाग तपासला जातो.

### साखळीचे अर्धविभाजन

यंत्र पूर्णपणे मृत असल्यास साखळीच्या साधारण मध्यावर दाब मोजला जातो. तेथे २३० व्होल्ट मिळाल्यास दोष पुढच्या अर्ध्या भागात, न मिळाल्यास मागच्या अर्ध्या भागात असतो. सदोष भाग दरवेळी निम्मा होत असल्यामुळे आठ कड्यांच्या साखळीतील तुटलेली एक कडी तीन मोजमापांत सापडते.

चालू परिपथात मापकाची एक सळई न्यूट्रलवर ठेवून दुसरी फेजच्या मार्गाने पुढे नेतात. ज्या बिंदूवर २३० व्होल्ट नाहीसे होतात, त्याच्या लगेच अलीकडचा भाग तुटलेला असतो. हेच मोजमाप एखाद्या संपर्काच्या दोन्ही टोकांवरही घेता येते. बंद आणि सुस्थितीतील संपर्कावर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात. पुढे भार जोडलेला असताना त्याच संपर्कावर २३० व्होल्ट दिसल्यास तो संपर्क उघडा आहे असा अर्थ होतो. भार घेत असताना एखाद्या बंद संपर्कावर काही व्होल्ट दिसणे हे संपर्क जळत असल्याचे लक्षण आहे. सर्व मोजमापे न्यूट्रलच्या आधारे होत असल्यामुळे न्यूट्रल स्वतः शाबूत आहे, याची खात्री आरंभीच करावी लागते.

जिवंत परिपथावरील मोजमाप कोरड्या जागी, कटर काढून आणि एक सळई पकडचिमट्याने स्थिर करून घेतले जाते. रोध व सलगता ही मापे मात्र वीज पूर्ण तोडल्यावरच घेतात.

## पुरवठ्यातील दोष

यंत्राचा दोष वाटणारी तक्रार अनेकदा सॉकेटपाशी सुटते. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन केबल हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ३० मीटर केबलमध्ये जाण्यायेण्याचा एकूण रोध सुमारे १.१ ओहम असतो. सुरू होताना मोटरीने ३० अँपिअर प्रवाह घेतल्यास केबलमध्येच सुमारे ३३ व्होल्ट खर्च होतात व मोटरीला १९७ व्होल्टच मिळतात. प्रवर्तन मोटरीचे घूर्णबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ते जवळपास २७ टक्क्यांनी घटते. मोटर गुणगुणत राहते आणि तापते. म्हणून दाब मोटर सुरू होत असताना मोजणे आवश्यक असते. भाराविना मोजलेला २३० व्होल्टचा आकडा दिशाभूल करतो.

एमसीबी केवळ सुरू होण्याच्या क्षणी तुटत असेल, तर तिचा प्रकार तपासला जातो. बी प्रकारची एमसीबी निर्धारित प्रवाहाच्या ३ ते ५ पट प्रवाहाला तत्काळ तुटते, सी प्रकारची ५ ते १० पट प्रवाहाला. मोटरीसाठी सी प्रकार अधिक योग्य असतो. मात्र एमसीबीची क्षमता वायरीच्या वहनक्षमतेपेक्षा जास्त ठेवल्यास आगीचा धोका निर्माण होतो.

परदेशातून आणलेल्या यंत्रात वारंवारतेचाही प्रश्न येतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेली चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर चालवल्यास तिचा समकालिक वेग मिनिटाला १८०० वरून १५०० फेऱ्यांवर येतो. दाब तितकाच ठेवल्यास चुंबकन प्रवाह वाढून मोटर अधिक तापते.

## स्विच व सुरक्षा परिपथातील दोष

### शून्यदाब मुक्ती स्विच

पुरवठा खंडित होताच आपोआप सुटणाऱ्या आणि वीज परत आल्यावर पुन्हा दाबावा लागणाऱ्या स्विचला शून्यदाब मुक्ती स्विच म्हणतात. त्यातील गुंडाळी वीज असेपर्यंत संपर्क धरून ठेवते. यंत्रांच्या विद्युत सामग्रीविषयीच्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात पुरवठा परत आल्यावर होणाऱ्या धोकादायक स्वयंचलित पुनरारंभापासून संरक्षण अपेक्षित आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाचा अनुभव सर्वपरिचित आहे. वीज गेल्यावर चालकाने कटरजवळ हात घातला आणि त्याच वेळी वीज परत आली, तर या स्विचविना गंभीर अपघात होऊ शकतो.

हिरवे बटण दाबून धरले असता यंत्र चालते पण सोडताच थांबते, हे या स्विचच्या बिघाडाचे ठळक लक्षण आहे. गुंडाळी जळालेली असते किंवा तिच्या परिपथात एकसरीत असलेला आपत्कालीन थांबा अथवा झाकणाचा सूक्ष्म स्विच उघडा असतो. काँटॅक्टर असलेल्या यंत्रात हेच लक्षण साहाय्यक संपर्क खराब झाल्यावर दिसते. बटण पट्टीने किंवा काडीने दाबून ठेवणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास वर सांगितलेला अपघात अटळ करणारी स्थिती तयार होते.

### आपत्कालीन थांबा

आपत्कालीन बटणाचा संपर्क सामान्य स्थितीत बंद असतो आणि बटण दाबल्यावर उघडतो. अनेक बटणांत संपर्काचा ठोकळा मागून खटक्याने बसवलेला असतो. कंपनांमुळे तो निसटला, तर बटण दाबूनही साध्या रचनेतील संपर्क बंदच राहतो व यंत्र थांबत नाही. यंत्र सुरळीत चालत असल्यामुळे हा दोष एरवी लक्षात येत नाही. म्हणून हे बटण ठरावीक काळाने यंत्र चालवून प्रत्यक्ष तपासावे लागते.

### झाकणाचा सूक्ष्म स्विच

संरक्षक झाकणाखालील सूक्ष्म स्विचमध्ये कीस अडकणे, त्याची पट्टी वाकणे किंवा बिजागरीजवळ वायर तुटणे हे दोष वारंवार आढळतात. निदानासाठी प्लग काढून झाकण उघडबंद करत सलगता मोजली जाते. स्विच कायमचा जोडून टाकल्यास यंत्र चालते, परंतु तो दोष दुरुस्त झाला असे म्हणता येत नाही.

## एकदिश मोटरीच्या यंत्रांतील दोष

मोटर व नियंत्रण पट्टिका यांपैकी दोष कोणत्या भागात आहे, हे ठरवण्यासाठी दोन परीक्षा प्रचलित आहेत. मोटरीच्या दोन्ही वायरी पट्टिकेपासून सोडवून, पट्टा काढून तिला १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तर चांगली स्थायी चुंबकाची मोटर सावकाश फिरते. उलट बाजूने, मोटरीच्या जागी १०० वॉटचा तंतूचा दिवा जोडून पट्टिका चालू केली, तर बहुतेक पट्टिकांवर वेगाच्या बटणानुसार दिव्याचे तेज कमीजास्त होते. पट्टिकेचा परिपथ बहुधा मुख्य विजेपासून विलग नसतो. त्यामुळे वेगाच्या बटणाकडे जाणाऱ्या बारीक वायरींनाही मुख्य विजेचा दाब असू शकतो. या भागात अर्थ केलेल्या ऑसिलोस्कोपची क्लिप जोडल्यास शॉर्ट होतो.

पट्टिका सदोष ठरवण्यापूर्वी तिची नेहमीची वागणूक माहीत असावी लागते. अनेक यंत्रांत वेगाचे बटण शून्यावर आणल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. अतिभारानंतरही तेच करावे लागते. ही सुरक्षा योजना पुष्कळदा बिघाड समजली जाते.

* कार्बन ब्रश: झिजून आखूड झालेले किंवा घरात अडकलेले ब्रश मोटर अधूनमधून थांबवतात. ब्रश जोडीने बदलले जातात.
* कम्युटेटर: त्याच्या भोवती पूर्ण वर्तुळाकार ठिणग्या दिसल्यास पट्ट्यांमधील खाचांत कार्बनची भुकटी साचली आहे किंवा गुंडाळीत शॉर्ट आहे, अशी शंका घेतली जाते.
* वेगाचे बटण: त्यामागील परिवर्ती रोधकाची पट्टी मळली की वेग उड्या मारतो. बटण सावकाश फिरवताना रोध एकसारखा बदलायला हवा.
* शक्ती ट्रान्झिस्टर: पट्टिकेवरील मॉसफेट शॉर्ट झाल्यास फ्यूज उडतो किंवा मोटर एकदम पूर्ण वेग घेते. अशा यंत्राचा प्लग तत्काळ काढून टाकावा लागतो.

उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज बसवला जातो. वाळू भरलेल्या चिनीमातीच्या फ्यूजची मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडण्याची क्षमता काचेच्या फ्यूजपेक्षा अधिक असते, त्यामुळे आकार सारखा असला तरी दोन्ही परस्परांना पर्याय नाहीत. फ्यूज पुन्हा उडाल्यास तिसरा बसवण्यापूर्वी कारण शोधले जाते.

ब्रशविरहित मोटर जागच्या जागी थरथरत असल्यास तीन मुख्य वायरींपैकी एक तुटलेली असते किंवा हॉल संवेदकाची जोडणी सैल झालेली असते.

## एकफेजी प्रवर्तन मोटरीतील दोष

मोटर गुणगुणते पण सुरू होत नाही, ही या गटातील सर्वात सामान्य तक्रार आहे. एकफेजी मुख्य गुंडाळी स्वतःहून फिरणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करू शकत नाही. त्यासाठी सुरुवातीची दुसरी गुंडाळी व कंडेन्सर लागतो. हा मार्ग तुटल्यास मोटर थांबलेलीच राहते आणि काही क्षणांत तापू लागते. स्पिंडलला हाताने गती देऊन मोटर सुरू करून पाहण्याची युक्ती ऐकिवात असली, तरी बोटे अडकण्याच्या शक्यतेमुळे ती टाळली जाते. वीज तोडून कंडेन्सर व स्विच तपासल्यानेही तीच माहिती मिळते.

कंडेन्सर रिकामा करून त्याची एक वायर सोडवल्यावर धारिता मोजली जाते. मोजलेले मूल्य वेष्टनावरील मर्यादेबाहेर असल्यास तो बदलला जातो. सुरुवातीचा कंडेन्सर काही क्षणांच्या वापरासाठीच असतो, तर चालू कंडेन्सर सतत परिपथात राहतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरता येत नाही. नव्या कंडेन्सरची व्होल्ट मर्यादा मूळ मर्यादेपेक्षा कमी चालत नाही.

केंद्रोत्सारी स्विच मोटरीने समकालिक वेगाच्या सुमारे ७५ टक्के वेग गाठल्यावर उघडतो. मोटर बंद करून ती मंदावत असताना तो परत बसल्याचा खट् असा आवाज येतो. हा आवाज न येणे ही दोषाची खूण आहे. संपर्क जळून उघडे राहिल्यास मोटर सुरू होत नाही. संपर्क चिकटून बंद राहिल्यास मोटर सुरू होते पण सुरुवातीची गुंडाळी परिपथातच राहते. त्यामुळे प्रवाह वाढतो, मोटर तापते आणि सुरुवातीचा कंडेन्सर फुटू शकतो. नवा कंडेन्सर थोड्याच दिवसांत पुन्हा फुटला, तर दोष बहुधा या स्विचमध्ये असतो.

## त्रिफेजी मोटर व व्हीएफडी

थेट त्रिफेजी पुरवठ्यावरील यंत्रात एक फेज जाणे हा सर्वात हानिकारक दोष आहे. थांबलेली मोटर गुणगुणते, तर चालू मोटर उरलेल्या दोन वायरींतून वाढीव प्रवाह घेत चालत राहते आणि अतिभार रिले योग्य मूल्यावर ठेवलेला नसल्यास जळते. तिन्ही फेजजोड्यांमधील दाब आणि तिन्ही वायरींतील प्रवाह मोजल्यास हा दोष उघड होतो. काँटॅक्टर मोठ्याने घुमत असल्यास त्याच्या लोहगाभ्यावरील मळ, गुंडाळीचा कमी दाब किंवा गाभ्यावरील तुटलेले छायाकडे ही कारणे असतात. दुरुस्तीनंतर कोणत्याही दोन फेजची अदलाबदल झाल्यास मोटर उलटी फिरते. म्हणून कटर बसवण्यापूर्वी फिरण्याची दिशा पाहिली जाते.

व्हीएफडीवर चालवलेल्या यंत्रांत पुढील दोष जोडणीच्या चुकांमुळे उद्भवतात.

* स्टार जोडणी तशीच राहणे: ४१५ व्होल्ट स्टार जोडणीची मोटर २३० व्होल्ट ड्राइव्हवर चालवल्यास पूर्ण वेगाला तिचे घूर्णबल साधारण एक-तृतीयांश उरते. सहाही टोके बाहेर असतील तर ती डेल्टामध्ये जोडली जातात.
* मधला स्विच: ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये जुना ड्रम स्विच किंवा काँटॅक्टर ठेवून तो चालू स्थितीत फिरवल्यास ड्राइव्ह तुटतो अथवा त्याचे शक्ती ट्रान्झिस्टर जळतात. चालू, बंद व दिशा यांसाठी ड्राइव्हची कमी दाबाची नियंत्रण टोके वापरली जातात.
* थांबताना अतिदाबाची सूचना: फिरत्या स्पिंडलची ऊर्जा ड्राइव्हमध्ये परत येते. थांबण्याचा कालावधी वाढवणे किंवा ब्रेक रोधक बसवणे हा उपाय आहे.
* आरसीसीबी तुटणे: ड्राइव्हच्या गाळणीतून अर्थकडे काही प्रवाह नेहमीच वाहतो. आरसीसीबी ड्राइव्हसाठी योग्य प्रकारचा आहे की नाही, हे पाहिले जाते. ती काढून टाकणे हा उपाय नाही.
* डिजिटल रीडआउटचे आकडे भरकटणे: मोटरीची कवचबद्ध केबल, कवचाची योग्य अर्थ जोडणी आणि संवेदकांच्या वायरी दूर ठेवणे यांनी हा त्रास कमी होतो.

ड्राइव्ह जोडलेला असताना मोटरीवर मेगर वापरल्यास ड्राइव्ह निकामी होतो. ड्राइव्हच्या बाहेर पडणारा दाब स्पंदरूप असल्यामुळे साध्या मल्टिमीटरवरील आकडाही विश्वसनीय नसतो.

## धातूचा कीस, शीतक व कंपन

मिलिंग यंत्राचे अनेक विद्युत दोष त्याच्या कामाच्या स्वरूपातूनच जन्मतात. ॲल्युमिनिअमचा बारीक कीस वीजवाहक असतो, तर बिडाची भुकटी ब्रश व संपर्कांत शिरून त्यांना झिजवते. संपीडित हवेने यंत्र साफ करताना हाच कीस नियंत्रण पेटीत ढकलला जातो, त्यामुळे कुंचला व व्हॅक्यूम क्लीनर यांचा वापर अधिक सुरक्षित ठरतो. शीतकाचा ओलावा टोकपेटीत गेल्यास विसंवाहन रोध घटतो आणि आरसीसीबी अधूनमधून तुटते. ५०० व्होल्टच्या मेगरवर शक्ती परिपथ व अर्थ यांमधील रोध १ मेगाओहमपेक्षा कमी आल्यास यंत्र वाळवून व साफ करून पुन्हा मोजले जाते. हे मोजमाप करण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक पट्टिका सोडवून ठेवाव्या लागतात.

सततच्या कंपनांमुळे टोकांचे स्क्रू सैल होतात. वायरीच्या तंतूंना कथिल लावून ती स्क्रूखाली आवळल्यास कथिल दाबाखाली हळूहळू पसरते व जोड पुन्हा ढिला होतो. त्याऐवजी दाबून बसवलेले लग किंवा फेरूल वापरले जातात.

## लक्षणांनुसार संभाव्य कारणे

| लक्षण | प्रथम तपासायचे भाग |
|---|---|
| यंत्र पूर्णपणे मृत | सॉकेट, प्लग, फ्यूज, आपत्कालीन थांबा, झाकणाचा स्विच |
| बटण सोडताच थांबते | शून्यदाब स्विचची गुंडाळी, सुरक्षा साखळी, साहाय्यक संपर्क |
| गुणगुणते पण फिरत नाही | कंडेन्सर, केंद्रोत्सारी स्विच, गेलेली फेज, अडकलेला स्पिंडल |
| वेग उड्या मारतो | परिवर्ती रोधक, कार्बन ब्रश, सैल जोड |
| एकदम पूर्ण वेग घेते | पट्टिकेवरील शक्ती ट्रान्झिस्टर |
| तापल्यावर बंद पडते | अतिभार संरक्षण, कमी दाब, पंख्याचा बंद मार्ग |
| सांगाड्याला धक्का बसतो | तुटलेला अर्थ, ओली टोकपेटी, खरचटलेली केबल |

## दुरुस्तीनंतरची तपासणी व मर्यादा

दुरुस्तीनंतर अर्थची सलगता, विसंवाहन रोध, आपत्कालीन थांबा, झाकणाचा स्विच आणि वीज तोडून पुन्हा दिल्यावर यंत्र आपोआप सुरू न होणे, या गोष्टी कटर न लावता तपासल्या जातात. त्यानंतर भाराविना आणि हलक्या कापावर मोटरीचा प्रवाह मोजून तो नामपट्टीवरील आकड्याशी ताडला जातो. ही नोंद जपून ठेवल्यास पुढील बिघाडाच्या वेळी तुलनेसाठी आधार मिळतो.

मोटरीची गुंडाळी जळणे, अर्थिंगची मूळ व्यवस्थाच नसणे, घराच्या वितरण पेटीतील दोष आणि त्रिफेजी जोडणीतील बदल ही कामे घरगुती दुरुस्तीच्या कक्षेबाहेरची आहेत. ती परवानाधारक वीजतंत्र्याकडे किंवा रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे सोपवली जातात. सांगाड्याला सौम्य झिणझिण्या जाणवत असल्या तरी कारण सापडेपर्यंत यंत्र वापरले जात नाही, कारण हात ओले झाल्यावर तोच दोष प्राणघातक ठरू शकतो.

## हे सुद्धा पहा

* मिलिंग यंत्र
* प्रवर्तन मोटर
* धारित्र
* अर्थिंग
* मल्टिमीटर
* काँटॅक्टर